गाडीचा रोजा

प्रिय ईरा आणि निहार,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आजोबांच्या गाडीत घरातले प्लग कसे चालायचे? तिथे तर वीज नसायची." तुम्ही तिकडे कॅनडात जुनी सामानाची व्हॅन घेतली आहे, तिच्यात पलंग ठोकला आहे आणि आता रानात राहून लॅपटॉप न् मिक्सर चालवायचा आहे, एवढं मला समजलं. मी सांगायला सुरुवात केली आणि तुमच्या मीटिंगची वेळ झाली. एका अर्थी बरं झालं. हे उत्तर माझं नाही. ज्यांचं होतं ते हमीदभाऊ गेल्या हिवाळ्यात वारले. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. आजोबांची शेवटची दोन वर्षं ज्या माणसामुळे घराबाहेर, मोकळ्या हवेत गेली, त्या माणसाची तुम्हाला ओळख नसावी हे मला बरं वाटेना. म्हणून तारांची माहिती नंतर, आधी माणूस.

हमीदभाऊ राहायला वराळ्याला. घोरावाडी स्टेशनच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर यांची वायरिंग करायचे. पासष्टीच्या आसपासचे, उंच, किडकिडीत. एकटेच काम करायचे. कामाला हात घालण्यापूर्वी मनगटावरचं घड्याळ आणि बोटातली चांदीची अंगठी काढून रुमालात बांधून ठेवायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मावशी, ब्याटरीच्या दोन टोकांमधी अंगठी आली तर बोट ऱ्हात न्हाई. आमच्या उस्तादाचं गेलं." त्यांच्या उस्तादांना नऊ बोटं होती, आणि ती नऊ बोटं दाखवूनच ते शिकवायचे म्हणे.

आता आमची गरज काय होती ते सांगते. आजोबांच्या फुप्फुसांनी दगा द्यायला सुरुवात केल्यावर डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं, लहान कपाटाएवढं, भिंतीतल्या प्लगवर चालणारं. त्याची नळी नाकाला लावून आजोबा कुसगावच्या आपल्या घरात बसू लागले. नळी जिथपर्यंत पुरेल तिथपर्यंतच त्यांचं जग. ज्या माणसाने प्रत्येक रविवार कुठल्यातरी डोंगरावर काढला, त्याला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाता येत होतं, अंगणात नाही. ते तक्रार करत नसत. फक्त रोज सकाळी पवनेच्या धरणाच्या बाजूला ढग किती आहेत ते मला सांगायचे. सहा महिने ऐकल्यावर मी आमच्या शाळेची जुनी व्हॅन लिलावात घेतली. चालवणार मीच होते. तुमच्या आईचा फोनवरचा आरडाओरडा तुम्हाला आठवत असेल.

डॉक्टर म्हणाले, मशीन चालू राहणार असेल तर खुशाल जा. सगळं त्या एका अटीवर अडलं.

पहिल्यांदा एका दुकानातून आम्ही इन्व्हर्टर बसवून घेतला. बॅटरीतली वीज आणि घरातली वीज यांची भाषा वेगळी असते. इन्व्हर्टर हा मधला दुभाषी. पण आम्हाला मिळालेला दुभाषी अडखळत बोलणारा निघाला. मशीन घरघरायला लागलं, तापलं आणि वीस मिनिटांत शिट्टी मारून बंद पडलं. दुकानदाराने हात वर केले. पेट्रोल पंपावरच्या माणसाने सांगितलं, "घोरावाडीला हमीदभाऊकडं जा. पण तो लय वेळ लावतो हां."

हमीदभाऊंनी गाडी पाहिलीच नाही. मशीन चालू करायला लावलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

"ह्यो इन्व्हर्टर पायऱ्यापायऱ्यानं करंट देतोय," ते म्हणाले. "मशीनला लाटंसारखा पायजे, घरच्यासारखा. ह्यो काढा. बल्ब लावायला बरा हाय."

मग त्यांनी विचारलं, "काय काय चालवायचंय?"

आजोबा म्हणाले, "सगळं."

"आबा, सगळं म्हंजे काय त्ये मावशी कागदावर लिहून आनतील. एकेक वस्तू, आन ती किती वेळ. मग आपन बोलू."

तुम्हाला ठाऊक आहे, मला यादी करायला कोणी सांगितलं की मी सुखात असते. दुसऱ्या दिवशी मी दोन पानं घेऊन गेले. मशीन, दिवसरात्र. पंखा. दोन दिवे. दोन मोबाइल. आजोबांचं दाढीचं यंत्र. मिक्सर, चटणीपुरता, अर्धं मिनिट. विजेची किटली, दिवसातून आठ वेळा. त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं. मिक्सरवर बोट थांबेल असं मला वाटलं होतं. ते थांबलं किटलीवर.

"मिक्सर न्हाई चालायचा ना?" मी विचारलं.

"मिक्सर चालंल की. त्यो वरडतो लय, पन अर्ध्या मिन्टात गप बसतो. किटली वरडत न्हाई, गपचूप खाती. आठ येळा च्या केला तर आबांच्या मशीनचे तीन तास गेले." त्यांनी माझ्याच पेनने किटलीवर काट मारली. "च्या ग्यासवर. आन त्योबी गाडीच्या भाईर. ऑक्सिजन आन इस्तू एका खोलीत नगं."

ईरा, निहार, ही तुमच्यासाठी पहिली गोष्ट. उष्णता करणारी वस्तू बॅटरीवर लावू नका. किटली, हीटर, इस्त्री, केसांचं ते यंत्र. यादी करा आणि त्यातल्या गरम वस्तूंवर काट मारा.

नवा इन्व्हर्टर आला तो सत्तर पानांच्या पुस्तकासकट, इंग्रजीत. हमीदभाऊ म्हणाले, "मावशी, तुमी इंग्लिशच्या टीचर. वाचा." मी महत्त्वाचं तेवढं वाचून सांगू लागले. त्यांनी थांबवलं. "वगळू नका. सगळं सांगा. ज्येनं लिवलं त्येला काय यड लागलं न्हवतं." तीन दुपारी मी त्या शेडमध्ये स्टुलावर बसून सत्तर पानांचं मराठी करत होते आणि ते कांद्याएवढी गुंडाळी केलेली तार हातात फिरवत ऐकत होते. बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा, हे वाचल्यावर ते खूश झाले. "बघा! तितंबी शहाणी मानसं हाईत." हवा खेळती हवी म्हणून इन्व्हर्टर कपाटात कोंडू नये, या ओळीवर त्यांनी आजोबांकडे पाहिलं, कारण आजोबांनी त्यासाठी सुंदर कपाट करून ठेवलं होतं. कपाटाचं दार त्याच दिवशी निघालं.

गाडीत चढताना ते चपला बाहेर काढायचे. आजोबा म्हणायचे, "अहो हमीदभाऊ, गाडी आहे ती." ते म्हणायचे, "व्हय, पन लोक हितं निजनार की." प्रत्येक तारेच्या टोकाला ते कापडी पट्टी गुंडाळत आणि तिच्यावर बॉलपेनाने नाव लिहीत: 'मशीन', 'पंखा', 'घरची तार', 'इंजिनाकडून'. अक्षर इतकं वळणदार की मी विचारलं, शाळा कितवीपर्यंत? "सातवी. पन गुर्जी अक्षराचे मार्क येगळे द्यायचे." जोडलेली प्रत्येक तार तीनदा ओढून पाहायचे. तिसऱ्यांदा ओढताना चेहरा असा असायचा की ती सुटावी अशीच त्यांची इच्छा आहे.

काम झालं. छतावर सोलरच्या दोन पाट्या, आत दोन बॅटऱ्या, इन्व्हर्टर, तीन सॉकेट. इंजिन चालू असताना बॅटऱ्या भरणारा एक चार्जर. बाहेरच्या अंगाला एक झाकण, त्यात घरची तार लावली की सगळं घरच्या विजेवर. आजोबांनी लगेच पवनेकाठच्या जागेबद्दल फोन केला. हमीदभाऊ म्हणाले, "आजून न्हाई. आदी गाडीला एक रोजा धरायला लावू."

त्यांची ही पद्धत होती, आणि मावळात ती दुसऱ्या कोणाची नव्हती. गाडी घराच्या अंगणात उभी करायची. घरची तार काढायची, इंजिन बंद. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गाडीने आपल्या पोटात जे आहे त्याच्यावरच जगायचं. प्रवासात जे जे वापरणार ते सगळं त्या दिवशी वापरायचं. सूर्य मावळताना बॅटरीत निम्मं तरी उरलं पाहिजे. निम्मं का, तर दिवसा माणूस जागा असतो, रात्र झोपेत काढायची असते.

"तुम्हीही उपाशी राहणार का दिवसभर?" आजोबांनी विचारलं.

"रोजा गाडीचा हाय, आबा. माजा न्हाई. मावशी, भाकरी करनार ना?"

तो शुक्रवार होता. आभाळ भरलेलं होतं, पाट्यांवर ऊन नव्हतं. आजोबा पहिल्यांदाच नळीसकट गाडीत जाऊन बसले. दर तासाला बॅटरीच्या छोट्या पडद्यावरचा आकडा वहीत लिहायचं काम माझ्याकडे होतं. सकाळी शंभर. दहाला शहात्तर. एकला सत्तावन्न. मी चटणी वाटली, मोबाइल लावले, पंखा चालू ठेवला. एक वाजता हमीदभाऊ नमाजासाठी लोणावळ्याला गेले आणि येताना एक फ्यूज घेऊन येतो म्हणाले.

त्यांची स्कूटर वळणाआड गेली आणि तुमचे आजोबा मला म्हणाले, "जरा ती घरची तार लाव."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"लाव म्हणतो ना. तासदोन तास. संध्याकाळी चाळीसच्या खाली जाणार हे मला दिसतंय. मग हा माणूस अजून बॅटऱ्या मागवणार, त्या यायला महिना, मग परत दिवसभर बसणार. तोपर्यंत मी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांना पुरं करता आलं असतं, दमही होता.

मी तार लावली. पण लिहायचं थांबवणं मला जमलं नाही. दोनला अडुसष्ट. तीनला अठ्ठ्याहत्तर. जन्मभर इंग्रजी व्याकरण शिकवलेल्या बाईला खोटा आकडा लिहिता आला नाही आणि खरी गोष्ट सांगताही आली नाही. हमीदभाऊ येण्याआधी मी तार गुंडाळून ठेवली.

सूर्य मावळला तेव्हा पडद्यावर चोपन्न होतं. आजोबांनी टाळी वाजवली. "पास!"

हमीदभाऊंनी वही मागितली. बोट ठेवत ठेवत खाली आले. सत्तावन्नवर थांबले, अडुसष्टवर आले, अठ्ठ्याहत्तरवर. मग वर आभाळाकडे पाहिलं.

"मावशी, दुपारी ऊन पडलं व्हतं का?"

मी म्हणाले, "नाही."

आजोबा म्हणाले, "हमीदभाऊ, मी लावायला सांगितली. हिची चूक नाही."

"व्हय, त्ये दिसतंय. मावशीची चूक असती तर वहीत आली नसती." ते पायरीवर बसले. आवाज चढवला नाही. "आबा, मला फसवा. मी काय, गरीब मानूस. ह्येला कसं फसवनार?" त्यांनी बॅटरीच्या पेटीवर हात ठेवला. "त्या कडंला, पवनेला, मशीन बंद पडलं तर मावशी फोन कुनाला लावनार? मला. मी घोरावाडीत. काय सांगू मी त्यांना तवा? चोपन्न व्हतं म्हनून?"

"माझ्याकडे वेळ कमी आहे," आजोबा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी हे कोणासमोर म्हटलं.

"म्हनून तर," हमीदभाऊ म्हणाले. "जास्त आसता तर जा म्हनलो आसतो, काय हुईल त्ये हुईल."

आजोबांनी तीस वर्षं कारखान्यात माल तपासायचं काम केलं. किती गाड्या माल त्यांनी परत पाठवला असेल. त्या संध्याकाळी ते हसले, हसता हसता खोकले, आणि म्हणाले, "आज माझाच माल परत आला." हमीदभाऊंनी भाकरीचा उरलेला तुकडा चटणीत बुडवून खाल्ला. "उंद्या परत रोजा. खरा."

खरा रोजा दुसऱ्या दिवशी झाला. संध्याकाळी सोळा उरले. पवनेकाठी असतो तर रात्री दहाच्या आत मशीन बंद पडलं असतं आणि त्या काळोखात आम्हाला कोणी मदत करू शकलं नसतं, हे त्या आकड्यात लिहिलेलं होतं. आजोबांनी तो आकडा स्वतः पाहिला आणि वही मिटली.

आणखी दोन बॅटऱ्या यायला खरंच महिना लागला. त्या महिन्यात हमीदभाऊ तीनदा आले, न बोलावता. एकदा ऑक्सिजनचं लहान सिलिंडर पट्ट्यांनी बांधून गेले. "सगळी ईज गेली तर ज्येला ईज लागत न्हाई असं कायतरी पायजेच." ही तुमच्यासाठी दुसरी गोष्ट, आणि मला वाटतं सगळ्यात मोठी. एकदा त्यांनी माझ्या डोळ्यांवर माझाच पदर बांधला आणि हाताने चाचपत मशीन बंद करून नाकाची नळी सिलिंडरला जोडायला लावली. पहिल्या खेपेला मी पंखा बंद केला. आजोबा म्हणाले, "गेलो मी." हमीदभाऊ म्हणाले, "आबा, गप बसा, मावशी शिकत्यात." सातव्या खेपेला जमलं.

तिसरा रोजा पास झाला. साठ उरले. हमीदभाऊंनी वही स्वतः वाचली, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "जावा."

"तुम्हीही चला," आजोबा म्हणाले.

"मी न्हाई. मी आलो तर तुमी माज्यावर इसंबून ऱ्हाल."

पवनेकाठी आम्ही दुपारी पोचलो. मी गाडी सपाटीला लावली, चाकांना दगड लावले. खिडकीतून नळी बाहेर काढली आणि आजोबा खुर्चीत, पाण्यापासून वीसेक पावलांवर, समोरच्या तिकोना गडाकडे तोंड करून बसले. मशीन गाडीत घरच्यासारखं चालू होतं. त्यांनी मला एकही डोंगर दाखवला नाही. नुसते बसले. तासाभराने म्हणाले, "वारा आहे." एवढंच. घरात वर्षभर त्यांनी वाऱ्याविषयी काही म्हटलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

बरोबर चार वाजता फोन वाजला. नमस्कार नाही, काही नाही. "किती?"

"एकोणऐंशी," मी म्हणाले.

"बरं," आणि फोन बंद.

त्यानंतर आम्ही बऱ्याचदा गेलो. पवना, राजमाचीचा पायथा, एकदा थेट भंडारदऱ्यापर्यंत. प्रत्येक वेळी चार वाजता तो फोन. एकदा मोबाइलला रेंज नव्हती, तर साडेसहाला कोणी एक दूधवाला विचारत आला, "शाळेची गाडी हीच का? किती टक्के हाय विचारलंय." कुठून कसा निरोप लावला होता ते हमीदभाऊंनी कधी सांगितलं नाही.

आजोबा घरीच गेले, त्यांच्या पलंगावर, दुपारी. गाडीला त्याच्याशी काही संबंध नव्हता. मशीन कधी बंद पडलं नाही.

पंधरा दिवसांनी हमीदभाऊ आले. मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते तेव्हा. गाडी बरेच दिवस उभी राहणार तर बॅटऱ्या निम्म्यावर ठेवून मोठा स्विच बंद करायचा असतो, त्यासाठी आले होते. चपला बाहेर काढल्या, आत चढले. कामाच्या शेवटी जोड तापलाय का हे बोटांच्या मागच्या बाजूने पाहायची त्यांची रीत होती. त्यांनी हात लावला, थांबले, पुन्हा लावला.

"मावशी, जरा इकडं या. तुमचा हात लावा."

मी लावला. "गार आहे."

"नक्की?"

"नक्की."

"साखरंनं बोटातली जान गेली माज्या," ते म्हणाले. "आता मला समदं गारच लागतं." मग त्यांनी मला एकेक करून सगळे जोड दाखवले, बावीस होते, आणि प्रत्येकावर माझा हात ठेवायला लावला. ते फक्त विचारत होते आणि मी सांगत होते. खाली उतरून त्यांनी रुमाल सोडला, अंगठी बोटात घातली, ऑक्सिजनच्या मशीनकडे पाहून म्हणाले, "ह्ये ठिवून देऊ नका. कुनाला तरी लागत आसंल." मी ते त्यांच्याच स्कूटरच्या मागे बांधून दिलं. फाटकाशी वळताना त्यांनी मागे न बघता एक हात वर केला आणि कुसगावच्या उतारावरून सावकाश गेले.

ते मशीन वराळ्यात एका बाईंकडे आहे. त्यांच्या मुलीला मी गाडी देते. ती आईला महिन्यातून एकदा घेऊन जाते. तिच्याकडून मी आधी एक पूर्ण दिवस वही भरून घेतली. मुलीने कुरकुर केली, पण भरली.

आपल्या गाडीच्या तारांचा नकाशा मी वेगळ्या कागदावर काढून फोटो पाठवते. तिकडचे नियम तिकडच्या माणसाला विचारा. थंडीत बॅटऱ्या भरताना काय करायचं ते मला माहीत नाही, हमीदभाऊंनाही माहीत नसतं, पण त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला लावलं असतं.

घोरावाडीची शेड आता बंद आहे. माझ्या माहितीत त्यांनी वायरिंग केलेल्या राहायच्या गाड्या चार. पैकी एक विकली गेली, एकीचा पत्ता लागत नाही, दोन चालू आहेत. त्यातली एक आपल्या अंगणात उभी आहे. तिच्या तारांना हमीदभाऊंनंतर कोणी हात लावलेला नाही, कारण लावायची गरज पडलेली नाही.

तुमची आजी